अमर्यादित मोबाइल डेटा असताना घरचं ब्रॉडबँड बंद करावं का?

प्रश्न थोडक्यात असा: फोनच्या प्लॅनमध्ये अमर्यादित ५जी डेटा मिळतो, स्पीड टेस्टमध्ये त्याचा आकडा घरच्या ब्रॉडबँडपेक्षा मोठा येतो, मग दोन बिलं कशाला भरायची? घरात चौघं आहेत, त्यातलं एक जण घरून काम करतं, एक टीव्ही आहे, दारावर एक कॅमेरा आहे. ब्रॉडबँड काढून सगळं मोबाइल डेटावर टाकलं तर निभेल का?

उत्तर आधी देतो, कारणं मग. घरात एक-दोन माणसं असतील, वापर बघण्या-वाचण्यापुरता असेल आणि खिडकीत सिग्नल चांगला मिळत असेल, तर सिमवर चालणाऱ्या राउटरवर घर उत्तम चालतं. तुम्ही सांगितलेल्या घरातली वायर मात्र मी काढणार नाही. त्याला कारण तो कॅमेरा आणि घरून चालणारं काम.

घरांत आणि छोट्या कार्यालयांत नेटवर्क बसवून देणं हा माझा व्यवसाय आहे. लोक या बाबतीत डाउनलोडचा सर्वांत मोठा आकडा बघून निर्णय घेतात आणि त्रास सुरू होतो रात्री नऊ वाजता, अपलोडमध्ये आणि लेटन्सीमध्ये, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या उशिरात. म्हणून या तिन्हींवर जास्त लिहितो.

आधी प्लॅनच्या अटी वाचा. अमर्यादित म्हणून विकल्या जाणाऱ्या मोबाइल प्लॅनमध्ये साधारण चार प्रकारची बंधनं येतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो. पहिलं, ठरावीक जीबीनंतर वेग पाडणं. हा वेग ६४ केबीपीएसवर आणला, तर १ एमबीचा एक फोटो उतरायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. डेटा तांत्रिकदृष्ट्या सुरूच असतो, पण आजची साधी वेबसाइटसुद्धा उघडत नाही. दुसरं, प्राधान्य कमी करणं. इथे वेगाला ठरलेली मर्यादा नसते, फक्त टॉवरवर गर्दी झाली की तुमचा नंबर इतरांच्या मागे लागतो. ४जीमध्ये प्रत्येक डेटा प्रवाहाला एक वर्ग दिलेला असतो आणि टॉवर त्या वर्गाप्रमाणे कोणाला आधी पाठवायचं ते ठरवतो. ५जीमध्येही तीच पद्धत आहे. सकाळी सहाला तुम्हाला काहीच फरक जाणवत नाही आणि रात्री व्हिडिओ अडकत राहतो, असं होत असेल तर बहुधा हेच कारण. तिसरं, हॉटस्पॉटसाठी वेगळा कोटा. फोनवर कितीही वापरा, पण लॅपटॉपला दिलेला डेटा वेगळा मोजला जातो. चौथं, व्हिडिओची गुणवत्ता ४८० ओळींवर अडवून ठेवणं. मोबाइलच्या पडद्यावर ते चालून जातं, ५० इंची टीव्हीवर लगेच दिसतं.

हॉटस्पॉट चालू आहे हे कंपनीला कसं कळतं, असं मला नेहमी विचारलं जातं. एक सोपी खूण टीटीएल या आकड्याची आहे. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावर, हा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर तो एकाने कमी होतो. अँड्रॉइड फोन, आयफोन आणि मॅक ६४ पासून सुरुवात करतात, विंडोज १२८ पासून. तुमच्या फोनमधून थेट निघालेलं पॅकेट ६४ घेऊन पोहोचतं, फोनच्या मागच्या लॅपटॉपचं ६३ किंवा १२७ घेऊन. यावर पळवाटा सुचवणारे बरेच भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कनेक्शनवर घर चालवायचं, ते अटी मोडून चालवू नका. सिम कधी बंद होईल सांगता येत नाही आणि तेव्हा तक्रार करायलाही जागा उरत नाही. राउटरला फोनचा आयएमईआय, म्हणजे उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक देणं हा त्यातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. अनेक देशांत तो गुन्हा आहे. प्लॅनच्या अटींमध्ये 'राउटरमध्ये वापरण्यास परवानगी' हे लिहिलेलं आहे का ते शोधा. नसेल तर कंपनीचा घरासाठीचा वेगळा वायरलेस प्लॅन मिळतो का ते विचारा. तो एका पत्त्याला बांधलेला असतो, पण त्याच्या अटी घरच्या वापराचा विचार करून लिहिलेल्या असतात. मोबाइल नेटवर्कवर घर चालवायचंच असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच आहे.

आता गर्दीचं बोलू. मोबाइलचा टॉवर सहसा तीन दिशांना तोंड करून असतो, एकेका दिशेच्या भागाला सेक्टर म्हणतात. ४जीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर, दोन अँटेनांच्या साध्या मांडणीत, जास्तीत जास्त १५० एमबीपीएस मिळतात. हा आकडा त्या पट्ट्यावर त्या सेक्टरमध्ये असलेल्या सगळ्यांचा मिळून आहे. ५जीला ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टा मिळू शकतो, त्यामुळे तिथे क्षमता बरीच मोठी असते, पण वाटून घेण्याचा नियम तोच. फायबरही वाटूनच मिळतं, हे मान्य करायला हवं. जीपॉन या प्रचलित पद्धतीत साधारण २.५ जीबीपीएस डाउनलोड ३२ किंवा ६४ घरांत विभागलेला असतो. फरक असा की फायबरच्या फांदीवर किती घरं आहेत ते ठरलेलं असतं. तुमच्या सेक्टरमध्ये आज रात्री किती फोन आहेत, ते कोणालाच ठरवता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी ग्राहकाला कधीच दिसत नाही. ज्याचा सिग्नल कमजोर, त्याला तेवढाच डेटा पोहोचवायला टॉवरचा जास्त वेळ खर्च होतो, कारण कमजोर सिग्नलवर एका वेळी कमी बिट पाठवता येतात. सेक्टरच्या काठावर बसून चारपाच जण चित्रपट बघत असतील, तर टॉवरजवळ राहणाऱ्या माणसाचंही नेट मंदावतं. तुमची रेंज फुल असेल, राउटर महागडा असेल, तरीही.

अपलोड हा याहून मोठा अडथळा आहे. टॉवर वीस-चाळीस वॉटनी बोलतो. तुमचा फोन किंवा राउटर साधारण २०० मिलिवॉटनी उत्तर देतो. त्यामुळे भिंतीआड, लांबच्या खोलीत आधी मोडतो तो तुमच्याकडून टॉवरकडे जाणारा रस्ता. पडद्यावर रेंज दाखवणाऱ्या रेघा टॉवरकडून येणारा सिग्नल मोजतात, तुमचा आवाज तिकडे नीट पोहोचतोय का ते त्या सांगत नाहीत. शिवाय ५जीच्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये डाउनलोड आणि अपलोड एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतात आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून डाउनलोड ३०० एमबीपीएस आणि अपलोड ८, असे आकडे सहज दिसतात. मीटिंगमध्ये तुम्हाला सगळे स्वच्छ दिसतात, ऐकू येतात आणि तुमचा आवाज मात्र त्यांना तुटक जातो, याचं मूळ इथे आहे.

आता तो कॅमेरा. सतत रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवणारा कॅमेरा १ एमबीपीएस घेतो असं धरा, हा माफक आकडा आहे. दिवसाला १०.८ जीबी होतात, ३० दिवसांत ३२४ जीबी. तेही सगळं अपलोड, म्हणजे मोबाइल नेटवर्कवर जी बाजू आधीच अशक्त आहे तिच्यावर रात्रंदिवस ओझं. टीव्हीचा हिशोबही करून घ्या: साध्या एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज चार तास ४के म्हणजे महिन्याला ८४० जीबी. प्लॅनमधली वेग पाडण्याची सीमा कुठे आहे ते या दोन आकड्यांच्या शेजारी ठेवून बघा. कॅमेरा मोबाइल डेटावर ठेवणं भागच असेल, तर रेकॉर्डिंग त्याच्या मेमरी कार्डवर किंवा घरातल्या रेकॉर्डरवर घ्या आणि हालचाल दिसली तरच छोटी क्लिप बाहेर जाईल असं सेटिंग करा.

लेटन्सीबद्दल बोलताना सगळे पिंगचा, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा, एक आकडा सांगतात. ४जीवर तो ३० ते ५० मिलिसेकंद असेल तर तक्रार करण्यासारखं काही नाही. बघायचं असतं ते लाइन भरलेली असताना काय होतं ते. एका खोलीत मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी दुसऱ्या उपकरणावरून पिंग चालू ठेवा. ४० चे ६०० किंवा ९०० झाले, तर तुमच्या घरात कोणाचाही फोन फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की मीटिंग कोसळणार. याला बफरब्लोट म्हणतात: पुढे वाट मिळेपर्यंत पॅकेट मोडेमच्या रांगेत साचत जातात आणि तुमच्या आवाजाची छोटी पॅकेटं त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात. वायरच्या कनेक्शनवर यावर सोपा उपाय आहे. राउटरमध्ये रांगेचं व्यवस्थापन चालू करायचं, वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडा कमी ठरवून द्यायचा, झालं. मोबाइलवर प्रत्यक्ष वेगच दर मिनिटाला बदलतो, त्यामुळे ठरवून दिलेला आकडा कधी फार मोठा, कधी फार छोटा पडतो. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर रांग सांभाळणारी 'केक' ही पद्धत आणि तिच्यासोबत वेग आपोआप वरखाली करणारी स्क्रिप्ट बसवली की बराच फरक पडतो. हे करायला थोडा अभ्यास लागतो, पण मोबाइल डेटावर घरून काम करणाऱ्या माणसासाठी यापेक्षा उपयोगी सुधारणा मला माहीत नाही. नवा अँटेना घेण्याआधी हे करून बघा.

उपकरणाबद्दल. फोनचा हॉटस्पॉट कायमचं घरचं इंटरनेट म्हणून वापरू नका. सतत चार्जिंगला लावलेला, गरम झालेला आणि १०० टक्क्यांवर भरलेला फोन म्हणजे लिथियम बॅटरीला नको असलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र. फोन तापला की स्वतःचा वेगही कमी करतो. आणि फोनवाला माणूस बाहेर पडला की घराचं नेट त्याच्या खिशातून बाहेर जातं. तात्पुरती गरज असेल तर वाय-फाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा आणि फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

सिम राउटर घेताना डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या वाय-फायच्या वेगाकडे बघू नका, आतल्या मोडेमची कॅटेगरी बघा. कॅट ४ मोडेम एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो आणि १५० एमबीपीएसला थांबतो. कॅट ६ दोन पट्टे जोडू शकतो, वरच्या कॅटेगरी त्याहून जास्त. एका पट्ट्यावर गर्दी झाली की दुसऱ्याचा आधार मिळतो, म्हणून हे जोडणं कमाल वेगापेक्षा गर्दीच्या वेळी जास्त कामाला येतं. ५जी मोडेम घेत असाल तर तुमच्या कंपनीचे पट्टे त्यात आहेत का तेवढं नक्की तपासा.

राउटर कुठे ठेवायचा यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथे फुकटात मिळणारा फायदा मोठा असतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोराचा आहे: उणे ९० डीबीएमपेक्षा चांगला असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेला तर त्रास ठरलेला. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे. २० च्या वर उत्तम, शून्याच्या आसपास वाईट. दोघांत निवड करायची वेळ आली तर मी एसआयएनआर निवडतो. जोरदार पण गढूळ सिग्नलपेक्षा थोडा मंद आणि स्वच्छ सिग्नल जास्त वेग देतो. राउटर हातात घेऊन प्रत्येक खिडकीशी पाचेक मिनिटं थांबा, आकडे लिहून घ्या, वरच्या मजल्यावर जाऊन बघा. खिडकीच्या काचेवर ऊर्जाबचतीसाठी धातूचा अतिपातळ थर असेल तर ती काच भिंतीइतकाच अडथळा करते. २० डेसिबेल कमी होणं म्हणजे शंभरातला एकच भाग आत येणं आणि अशा काचेत तेवढं सहज जातं. खिडकी उघडून आकडा बदलतो का ते बघा, उलगडा होईल.

बाहेर अँटेना लावायचा असेल तर केबलची लांबी विसरू नका. साध्या पातळ कोॲक्स केबलमध्ये १० मीटरला सात-आठ डेसिबेल सहज जातात, म्हणजे अँटेनाने कमावलेलं सगळं केबल खाऊन टाकते. शिवाय मोडेमच्या दोन अँटेनांवरून चालणाऱ्या दोन प्रवाहांसाठी दोन केबल लागतात. एकच केबल जोडली तर वेग वाढण्याऐवजी घटतो. मी शक्य तिथे मोडेमच अँटेनासोबत बाहेर, पाण्यापासून सुरक्षित डब्यात बसवतो आणि घरात इथरनेट केबल आणतो. ती १०० मीटरपर्यंत काहीही न गमावता येते आणि वीजही त्याच केबलमधून वर जाते.

यानंतर एक अडचण अशी येते की ती कोणत्याही स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही त्याच व्यवस्थेत आहात. ही पत्त्यांची रांग २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. काही कंपन्या १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात. परिणाम एकच: बाहेरून तुमच्या घरातल्या उपकरणाशी थेट जोडणी होत नाही. स्वतःच्या क्लाउड सेवेमार्फत चालणारा कॅमेरा चालतो, पण राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून बघायचा रेकॉर्डर, घरातला सर्व्हर, काही गेम अडतात. यावर उपाय म्हणजे जोडणी घरातून बाहेर काढायची. भाड्याच्या एखाद्या छोट्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा (सुरक्षित खासगी जोडणी) टाका किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरा. वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट, २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर कंपनीची यंत्रणा शांत पडलेली जोडणी विसरून जाते आणि बोगदा बाहेरून मेल्यासारखा वाटतो.

सिम कोणाचं असावं यावर एकच सूचना. बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात ते सिम राउटरमध्ये घालू नका. मेसेज राउटरच्या आतल्या पानावर पडून राहतात, घाईच्या वेळी ते कोणाला सापडत नाहीत आणि राउटरचा पासवर्ड कमजोर असेल तर ते भलत्याला सापडू शकतात.

सिम राउटरला जोडलेल्या लॅपटॉपला वाटतं की तो साध्या वाय-फायवर आहे. त्यामुळे मोठी अपडेट, क्लाउडचं सिंक, फोटोंचा बॅकअप सगळं मोकळेपणानं चालू होतं. विंडोजमध्ये त्या वाय-फायला 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून खूण करा, मॅक आणि आयफोनवर 'लो डेटा मोड' चालू करा, टीव्हीवरच्या ॲपमध्ये गुणवत्ता 'ऑटो'वर सोडू नका. गेम कन्सोल असेल तर त्याचं आपोआप अपडेट बंद करा, कारण एका मोठ्या गेमचं डाउनलोड १०० जीबीच्या पुढे जातं.

मग तुमच्या घराचं काय? वायर तशीच ठेवा, पण प्लॅन खालच्या वेगाचा करून घ्या. चौघांच्या घराला, एक ४के टीव्ही धरूनही, ५० ते १०० एमबीपीएसची स्थिर लाइन पुरते. बिल तिथे कमी करा. मोबाइल डेटा राखीव ठेवा. तरीही पूर्ण मोबाइलवर जायची इच्छा असेल, तर वायर चालू ठेवूनच एक महिना सगळं घर सिम राउटरवर चालवून बघा. वायरचा राउटर खरोखर बंद करून ठेवा, नाहीतर उपकरणं गुपचूप जुन्या वाय-फायला जाऊन बसतात आणि चाचणी खोटी ठरते. रोज रात्री आठ ते अकराच्या दरम्यान अपलोडचा वेग आणि लाइन भरलेली असतानाचा पिंग लिहून ठेवा. त्यात एक बिल चक्र पूर्ण झालं पाहिजे, म्हणजे डेटाची सीमा ओलांडल्यानंतरचे दिवसही अनुभवायला मिळतील. त्या शेवटच्या दिवसांतली मीटिंग व्यवस्थित झाली तर वायर निर्धास्त काढा. माझा अंदाज चुकला असेल तर मला आनंदच होईल, कारण काही सेक्टर खरोखर रिकामे असतात.

राखीव म्हणून ठेवणार असाल तर दोन इंटरनेट जोडण्या घेणारा राउटर लागेल, आणि एक सेटिंग नीट बघा. बरेच राउटर वायर 'जोडलेली आहे का' एवढंच तपासतात. फायबरच्या डब्याचा दिवा हिरवा असतो, राउटरला सगळं ठीक वाटतं, आणि इंटरनेट मात्र पुढे कुठेतरी तुटलेलं असतं. म्हणून बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना दर काही सेकंदांनी पिंग करून दोन्हीकडून उत्तर आलं नाही तरच सिमवर जा, असं त्याला सांगा. बदल होताना आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे चालू असलेला कॉल काही क्षण तुटेल आणि परत जोडला जाईल. कॅमेरा आणि टीव्ही यांना सिमच्या वाटेवर मनाई करा, म्हणजे त्या वेळची सगळी जागा कामाच्या लॅपटॉपला मिळेल. फायबरचा डबा आणि राउटर यांना छोटा यूपीएस जोडा. घरातली वीज गेली की बऱ्याचदा नेट जातं ते फक्त याच दोन डब्यांमुळे, कारण फायबरच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी मध्ये विजेची गरजच नसते.